जायंट सेल ट्यूमर : गाठ किती काढायची आणि सांधा किती राखायचा

हाडात गाठ आहे असे कळले की घरातून पहिला प्रश्न येतो तो कॅन्सरचा. जायंट सेल ट्यूमर या गाठीच्या बाबतीत त्याचे उत्तर बहुतेक वेळा नकारार्थी असते, आणि तेवढे ऐकून अनेक कुटुंबे निर्धास्त होतात. परंतु कर्करोग नसलेली ही गाठ जिथे होते तिथले हाड आतून पोखरत जाते, सांध्याच्या कूर्चेपर्यंत पोहोचते, काढल्यानंतर पुन्हा उद्भवू शकते आणि क्वचित फुप्फुसातही तिच्या लहान गाठी सापडतात. म्हणूनच तपासणीच्या अहवालात ‘बिनाइन’, म्हणजे कर्करोग नसलेली, या शब्दाशेजारी ‘स्थानिक पातळीवर आक्रमक’ अशी पुस्तीही जोडलेली असते. या आजारात जीव वाचवण्याचा प्रश्न क्वचितच येतो. खरा पेच असतो तो तरुण माणसाचा सांधा राखून गाठ पुरती कशी काढायची, हा. शेती, दूधधंदा, यंत्रमाग आणि फौंड्री यांवर चालणाऱ्या कोल्हापूर जिल्ह्यात, जिथे उकिडवे बसता येणे आणि ओझे उचलता येणे यावर घरची मिळकत अवलंबून असते, तिथे हा पेच केवळ शस्त्रक्रियेपुरता राहत नाही.

ही गाठ कोणाला होते

लहान मुलांच्या लांब हाडांच्या टोकांजवळ वाढीची चकती असते आणि हाडाची वाढ पूर्ण झाली की ती मिटते. जायंट सेल ट्यूमर जवळजवळ नेहमी ही चकती मिटल्यानंतरच होतो. त्यामुळे त्याचे बहुसंख्य रुग्ण २० ते ४५ या वयोगटातले असतात, आणि स्त्रियांचे प्रमाण पुरुषांपेक्षा किंचित अधिक आढळते. दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या हाडात अशी गाठ दिसली तर डॉक्टर प्रथम दुसऱ्या एखाद्या गाठीचा संशय घेतात, आणि साठीच्या माणसात दिसली तर दुसऱ्या अवयवातला कर्करोग हाडात उतरला आहे का, हे आधी पाहतात. पाश्चात्त्य देशांतील नोंदींनुसार हाडात मुळात उद्भवणाऱ्या सर्व गाठींपैकी सुमारे ५ टक्के गाठी या प्रकारच्या असतात. चीन आणि दक्षिण भारतातील नोंदींत हे प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास सांगितले जाते. म्हणजे गाठ दुर्मीळ असली तरी आपल्या भागातील अस्थिरोगतज्ज्ञांना ती अनोळखी नाही.

निम्म्याच्या आसपास रुग्णांमध्ये ही गाठ गुडघ्याजवळ असते, म्हणजे मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला किंवा नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकाला. त्यानंतर मनगटाचा क्रम लागतो. तिथे अंगठ्याच्या बाजूचे हाड, म्हणजे रेडियस, टोकाशी फुगते. खांद्याजवळचे दंडाचे हाड, कंबरेखालचे त्रिकास्थि आणि पाठीचे मणके या जागाही लागतात, पण तुलनेने कमी. एकाच वेळी अनेक हाडांत ही गाठ होणे अगदीच विरळा.

वय आणि जागा एकत्र ठेवून पाहिले की निदानाला उशीर का होतो, याचाही उलगडा होतो. तालमीत जाणाऱ्या पंचविशीतल्या मुलाचा गुडघा दुखू लागला तर तो मुरगळला असणार, असे सगळेच गृहीत धरतात. वस्ताद तेल लावून चोळून देतात आणि चार दिवस जोर-बैठका बंद होतात. रोज पहाटे म्हशींची धार काढणाऱ्या बाईचे मनगट दुखले तर ते कामामुळेच दुखते, असे ती स्वतःच ठरवून टाकते. ऊसतोड करणाऱ्या किंवा शिरोलीच्या कारखान्यात उभ्याने काम करणाऱ्या माणसाला दुखण्यासाठी दवाखान्यात जाणे म्हणजे एक खाडा, त्यामुळे वेदनाशामक गोळीवर दोन-तीन महिने सहज निघून जातात. यात कोणाचा आळस नाही. कष्टाच्या कामाने अंग दुखतेच, आणि या गाठीचे सुरुवातीचे दुखणे त्या दुखण्यासारखेच असते.

फरक हळूहळू दिसू लागतो. कामाने दुखणारा सांधा विश्रांतीने निवळतो. गाठीचे दुखणे आठवड्यागणिक वाढत जाते, एकाच जागी राहते आणि पुढे रात्री झोपेतही जाणवू लागते. काही महिन्यांनी त्या जागी फुगवटा दिसतो आणि सांधा पूर्ण वाकेनासा होतो. काही रुग्णांत तर पायरी चुकण्यासारख्या किरकोळ निमित्ताने हाड मोडते आणि मोडलेल्या हाडाच्या क्ष-किरण चित्रातच गाठ प्रथम सापडते. अशा वेळी ‘पडल्यामुळे गाठ झाली’ अशी समजूत होते, पण क्रम उलटा असतो: गाठीने आधीच पोकळ केलेले हाड लहानशा माराने मोडलेले असते. ही गाठ संसर्गजन्य नाही, सहसा आनुवंशिक नाही, आणि एखादा पदार्थ खाल्ल्यामुळे किंवा न खाल्ल्यामुळे ती झाली असे मानायला आधार नाही.

एकाच सांध्यातले दुखणे तीन-चार आठवडे विश्रांती घेऊनही कमी होत नसेल, तर त्या सांध्याचा समोरून आणि बाजूने असा दोन्ही दिशांनी एक्स-रे काढून घ्यावा, आणि तो पाहण्याआधी त्या जागी मालिश, शेक किंवा सांध्यात इंजेक्शन यांपैकी काहीही करू नये. हाडवैद्यांवर अनेकांचा विश्वास आहे आणि साध्या मुरगळीत त्यांच्याकडून आराम पडतही असेल, पण कवचाइतके पातळ झालेले हाड जोराने चोळल्यास मोडू शकते, हे त्यांनाही सांगितलेले बरे.

हाड कोण पोखरते

निरोगी हाडातही सतत उलाढाल चालू असते. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी जुने हाड विरघळवतात आणि ऑस्टिओब्लास्ट पेशी तिथे नवे हाड घडवतात. जायंट सेल ट्यूमरचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की ऑस्टिओक्लास्टसारख्याच, पण आकाराने प्रचंड असलेल्या पेशी सर्वत्र पसरलेल्या दिसतात. काही पेशींत तर पन्नासाहून अधिक केंद्रके असतात. ब्रिटिश शल्यविशारद ॲस्टली कूपर यांनी १८१८ साली या गाठीचे वर्णन केले, आणि १९४० मध्ये जाफे व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिला इतर सारख्या दिसणाऱ्या गाठींपासून वेगळे काढले. गाठीला नाव मिळाले ते या महाकाय पेशींवरून, म्हणून दोषही दीर्घकाळ त्यांच्याच माथी मारला गेला.

प्रत्यक्षात त्या पेशी गाठीच्या मूळ पेशी नाहीत. ऊसतोडीच्या हंगामात फड तोडते ती टोळी, पण तिला गोळा करून आणणारा मुकादम वेगळा असतो. या गाठीत हाड तोडणाऱ्या महाकाय पेशी ही टोळी, आणि त्यांच्यामधून विखुरलेल्या, एकच केंद्रक असलेल्या लहान पेशी हा मुकादम. गाठीची खरी वाढ या लहान पेशींची असते. त्या ‘रँक लिगंड’ नावाचे प्रथिन मोठ्या प्रमाणावर तयार करतात, आणि या प्रथिनाच्या सांगाव्यावर रक्तातून आलेल्या पेशी एकमेकींत मिसळून महाकाय होतात व हाड विरघळवू लागतात. २०१३ साली असे दिसून आले की या लहान पेशींमध्ये ‘एच३एफ३ए’ या जनुकात एक ठरावीक बदल असतो आणि तो दहांपैकी नऊ किंवा त्याहूनही अधिक गाठींत सापडतो. हा बदल त्या पेशींपुरताच असतो, रुग्णाच्या सर्व शरीरात नसतो, त्यामुळे तो मुलाबाळांकडे जात नाही. निदानाबद्दल शंका असेल तेव्हा पॅथॉलॉजिस्ट आता या बदलाची खूण दाखवणारी रंगचाचणी करून घेतात. टोळी आणि मुकादम वेगळे आहेत, ही गोष्ट औषधोपचाराच्या भागात पुन्हा उपयोगी पडेल.

निदानाची पायरी घाईत उरकू नये

एक्स-रेमध्ये हाडाच्या टोकाशी, मध्यभागी नव्हे तर एका बाजूला, काळसर पोकळी दिसते. ती सांध्याच्या पृष्ठभागाला जवळजवळ भिडलेली असते आणि तिच्याभोवती पांढरी कडा नसते. अनुभवी डोळ्याला एवढ्यावरून अंदाज येतो. गाठ स्नायूंत किती शिरली आहे आणि सांध्यापासून किती दूर आहे हे एमआरआयवरून कळते, आणि छातीचा सीटी स्कॅन किंवा निदान एक्स-रे फुप्फुसासाठी काढतात.

रक्ताच्या तपासण्यांत कॅल्शियम, फॉस्फरस आणि पॅराथायरॉइड संप्रेरक यांची पातळी पाहणे आवश्यक आहे, आणि ही गोष्ट अनेकदा राहून जाते. गळ्यातील पॅराथायरॉइड ग्रंथी अवाजवी काम करू लागली तर हाडांत ‘ब्राउन ट्यूमर’ नावाच्या पोकळ्या तयार होतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या जायंट सेल ट्यूमरसारख्याच दिसतात. त्यांचा इलाज मात्र गळ्यातील ग्रंथीवर करायचा असतो. ती काढली की हाड बहुधा आपोआप भरून येते. रक्ताच्या साध्या तपासणीने हाडाची एक मोठी शस्त्रक्रिया टळू शकत असेल, तर ती तपासणी आपणहून मागून घेण्यात संकोच नसावा. आपल्याकडे हाडाच्या टीबीचाही विचार करावा लागतो, आणि भरभर वाढणाऱ्या गाठीत ऑस्टिओसार्कोमा या कर्करोगाचा एक प्रकार वरवर असाच दिसू शकतो.

म्हणून बायोप्सी, म्हणजे गाठीचा लहान तुकडा काढून तपासणे, लागते. ‘सुई लावली की गाठ पसरते’ ही भीती आपल्या भागात इतकी खोलवर रुजलेली आहे की काही कुटुंबे बायोप्सीला नकार देऊन थेट शस्त्रक्रिया मागतात. ही भीती निराधार असली तरी तिच्या मुळाशी एक खरी सूचना आहे: बायोप्सीची जागा चुकीची निवडली तर पुढची शस्त्रक्रिया अवघड होते, कारण सुईचा मार्गही गाठीबरोबर काढून टाकावा लागतो. त्यामुळे जो शल्यविशारद पुढे शस्त्रक्रिया करणार आहे, त्यानेच किंवा त्याच्या सांगण्याप्रमाणे बायोप्सी व्हावी. तिच्या काचपट्ट्या आणि तुकडा जपून ठेवलेला मेणाचा ठोकळा मागून घेऊन जपून ठेवावा. दुसरे मत घ्यायला मिरजेला, पुण्याला किंवा महालक्ष्मी एक्स्प्रेसने परळच्या टाटा मेमोरियलला जायचे झाले, तर नुसत्या कागदी अहवालापेक्षा या वस्तू आणि एमआरआयची सीडी अधिक कामाला येतात.

शस्त्रक्रिया : खरवडणे की हाडाचा भाग काढणे

इटलीतील मारिओ कॅम्पानाची यांनी या गाठीच्या एक्स-रेवरून तीन श्रेणी ठरवल्या, आणि त्या आजही वापरल्या जातात. पहिल्या श्रेणीत गाठ हाडाच्या आत शांत असते, दुसरीत हाडाचे बाहेरचे कवच पातळ होऊन फुगते पण शाबूत राहते, तिसरीत ते फोडून गाठ बाहेरच्या मऊ भागात येते. पहिल्या दोन श्रेणींत, आणि तिसरीतील अनेक रुग्णांतही, गाठ खरवडून काढून हाड आणि सांधा राखण्याचा प्रयत्न केला जातो. याला क्युरेटाज म्हणतात.

क्युरेटाज हा शब्द ऐकून ती किरकोळ शस्त्रक्रिया वाटते, पण तिचे यश पूर्णपणे ती किती कसोशीने केली यावर ठरते. हाडाला लहान भोक पाडून आतला भाग ओरपला तर कोपऱ्याकपारीत गाठीच्या पेशी उरतात. म्हणून पोकळीचा प्रत्येक कोपरा डोळ्यांनी दिसेल एवढी मोठी खिडकी हाडात उघडावी लागते, गाठ खरवडल्यावर वेगाने फिरणाऱ्या बर या यंत्राने पोकळीच्या भिंती घासून आणखी थर काढावा लागतो, आणि त्यानंतर फिनॉल, हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा द्रवरूप नायट्रोजन यांसारख्या उपायांनी उरल्यासुरल्या पेशी मारण्याचा प्रयत्न होतो. नुसते खरवडून सोडलेल्या जुन्या रुग्णमालिकांत २७ ते ६५ टक्के रुग्णांत गाठ पुन्हा आली होती. बर आणि पूरक उपाय वापरल्यावर हे प्रमाण साधारण १२ ते २७ टक्क्यांपर्यंत उतरते. इतक्या मोठ्या फरकाचे श्रेय कोणत्या रसायनाला द्यायचे यावर तज्ज्ञांत एकमत नाही, पण खिडकी मोठी आणि खरवडणे कसून असले पाहिजे यावर आहे. म्हणून शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना फिनॉल वापरणार का, हे विचारण्याऐवजी अशा किती गाठी त्यांनी हाताळल्या आहेत, हे विचारणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

पोकळी रिकामी झाल्यावर ती भरावी लागते. कंबरेच्या हाडातून काढलेले किंवा हाडपेढीतून आणलेले हाड भरता येते, किंवा बोन सिमेंट भरता येते. बोन सिमेंट घट्ट होताना तापते आणि त्या उष्णतेने भिंतीलगतच्या काही पेशी मरतात. शिवाय ते लगेच भार पेलते, त्यामुळे रुग्ण लवकर उभा राहतो. आणि पुढे गाठ परत आली तर सिमेंट व हाड यांच्यामध्ये काळी रेघ रुंदावताना एक्स-रेत स्पष्ट दिसते, जे भरलेल्या हाडात ओळखणे कठीण जाते. सिमेंट सांध्याच्या कूर्चेला अगदी चिकटले तर मात्र कालांतराने त्या सांध्याची झीज लवकर होण्याची भीती असते. त्यामुळे कूर्चेखाली आधी हाडाचा थर आणि त्यामागे सिमेंट, असा मेळ अनेक शल्यविशारद घालतात.

हाडाचा गाठ असलेला भागच सबंध काढून टाकला तर गाठ परत येण्याचे प्रमाण शून्य ते बारा टक्के इतके कमी होते. मग सर्वांचाच तो भाग का काढू नये, असा प्रश्न नातेवाईक विचारतात आणि तो रास्त आहे. पोटरीच्या बाहेरच्या बारीक हाडाचे वरचे टोक किंवा करंगळीच्या बाजूचे मनगटाचे हाड यांच्यावाचून फारसे अडत नाही, तिथे हाच मार्ग बरा. गुडघ्याचे तसे नाही. मांडीच्या हाडाचे टोक काढले की त्या जागी धातूचा मोठा कृत्रिम सांधा बसवावा लागतो. तो सांधा पंचवीस वर्षांच्या माणसाला आयुष्यभर पुरत नाही, एक-दोनदा बदलावा लागतो, त्यात जंतुसंसर्ग झाला तर मोठे संकट उभे राहते, आणि त्यावर मांडी घालून पंगतीला बसणे, उकिडवे बसून भांगलण करणे किंवा देशी शौचालय वापरणे जवळजवळ संपतेच. दुसऱ्या बाजूला, क्युरेटाजनंतर गाठ परत आलीच तर बहुतेकदा ती पुन्हा खरवडता येते आणि तरीही सांधा वाचतो. मला तरी या हिशेबात पहिल्या प्रयत्नात सांधा राखण्याचे पारडे जड वाटते; अट इतकीच की रुग्णाने पुढची काही वर्षे तपासणीला येत राहिले पाहिजे. ज्याला परत येणे शक्यच होणार नाही, अशा रुग्णासाठी शल्यविशारदाने वेगळा निर्णय घेतला तर त्यालाही अर्थ आहे. हाड मोडलेल्या अवस्थेत आलेला रुग्णही आपोआप कृत्रिम सांध्याचा रुग्ण ठरत नाही. मोड साधी असेल तर हाड राखता येते. सांधा पार चिरडला असेल किंवा गाठ सर्व बाजूंनी बाहेर आली असेल, तर मात्र तो भाग काढण्यावाचून इलाज नसतो.

मनगटाची गोष्ट वेगळी आहे. तिथे हाड लहान आणि आजूबाजूला स्नायुबंध दाटीने असल्याने गाठ लवकर बाहेर येते आणि खरवडल्यावर परत येण्याचा धोकाही अधिक आढळला आहे. रेडियसचे टोक काढावे लागले तर पायातील पोटरीचे बारीक हाड, फायब्युला, काढून त्या जागी बसवता येते. शरीराचा भार मुख्यतः नडगी पेलत असल्याने त्याच्या वरच्या भागावाचून चालण्यात फारसा फरक पडत नाही. या नव्या हाडाने मनगटाची हालचाल राखायची, की मनगट कायमचे जखडून घट्ट करायचे, हा पुढचा निर्णय असतो. हलणारे मनगट ऐकायला चांगले वाटते, पण ते कमकुवत राहू शकते आणि निखळू शकते. जखडलेले मनगट वाकत नाही, तरी बोटे आणि कोपर चालू असतात आणि पकड दणकट राहते. लेखनिकाचे काम करणाऱ्याची निवड आणि बादल्या उचलणाऱ्या, धार काढणाऱ्या बाईची निवड एकच असेल असे नाही. त्यामुळे आपण नेमके कोणते काम करतो, हे रुग्णाने डॉक्टरांना तपशिलाने सांगावे. ‘घरकाम’ एवढ्या शब्दातून डॉक्टरांना काहीच कळत नाही.

त्रिकास्थीतील गाठ सर्वांत फसवी. कंबर दुखते, पायात कळ जाते, ‘गादी सरकली’ असे म्हणून महिनोन्‌महिने पट्टा बांधला जातो, आणि गाठ कळते तेव्हा ती मोठी झालेली असते. तिथून मूत्राशय आणि आतड्याच्या नियंत्रणाच्या नसा जातात, त्यामुळे सर्व हाड काढणे म्हणजे त्या नसा गमावणे. अशा जागी गाठीला रक्त पुरवणाऱ्या धमन्या टप्प्याटप्प्याने बंद करणे किंवा औषध देणे हे मार्ग आधी वापरतात. किरणोपचाराने ही गाठ आटोक्यात येते, पण त्या जागी अनेक वर्षांनी खरा कर्करोग उद्भवण्याचा धोका वाढतो. म्हणून तरुण रुग्णात तो अगदी शेवटचा पर्याय म्हणून ठेवतात.

डेनोसुमॅब : मोठा आधार, पण अर्धवट इलाज

रँक लिगंडचा सांगावा वाटेतच अडवणारे डेनोसुमॅब हे इंजेक्शन अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ साली या गाठीसाठी मान्य केले. तेही सर्वांसाठी नाही, तर जिथे शस्त्रक्रिया शक्य नाही किंवा केल्यास मोठे अपंगत्व येईल अशा रुग्णांसाठी. मात्रा १२० मिलिग्रॅम, त्वचेखाली, दर चार आठवड्यांनी. पहिल्या महिन्यात आठव्या आणि पंधराव्या दिवशी जादा मात्रा. हाडे ठिसूळ झालेल्या वयस्कर स्त्रियांना हेच औषध ६० मिलिग्रॅम, सहा महिन्यांतून एकदा दिले जाते, त्यामुळे शेजारच्या आजींच्या इंजेक्शनशी आपली तुलना करू नये. आता भारतात बनलेली बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी मिळतीजुळती, रूपेही मिळतात.

परिणाम अनेकदा लवकर दिसतो: दुखणे कमी होते, गाठीच्या कडेने हाडाचे नवे कवच तयार होते. त्यामुळे रुग्णाला आणि कधी डॉक्टरांनाही वाटते की काम झाले. परंतु औषधाने पांगते ती टोळी. मुकादम फडातच बसून असतो. इंजेक्शन थांबले की काही काळाने गाठ पुन्हा वाढू लागते. शिवाय औषधानंतर तयार झालेल्या जाड कवचात मूळ पेशी दडून राहतात, गाठीची हद्द नीट कळत नाही, आणि अशा वेळी क्युरेटाज केल्यास गाठ परत येण्याचे प्रमाण वाढते असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. म्हणून जी गाठ सरळ खरवडता येण्याजोगी आहे, तिला आधी हे इंजेक्शन देण्याचा मोह टाळण्याकडे आज तज्ज्ञांचा कल आहे. गाठ आखडून शस्त्रक्रियेचे स्वरूपच बदलणार असेल, म्हणजे सांधा काढण्याऐवजी राखता येणार असेल, तेव्हाच थोड्या मात्रा देऊन मग शस्त्रक्रिया करतात. औषध दिलेल्या गाठीतून महाकाय पेशी नाहीशा होतात आणि तुकडा भलत्याच आजारासारखा दिसू लागतो, म्हणून पॅथॉलॉजिस्टला औषधाची माहिती कळवणे विसरू नये.

सुरू करण्यापूर्वी रक्तातील कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासून कमतरता भरून काढावी लागते, कारण या औषधाने कॅल्शियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. हातापायांना मुंग्या किंवा पेटके आले तर लगेच कळवावे. क्वचित जबड्याचे हाड कुजण्याचा त्रास होतो, आणि उपचार चालू असताना दात काढला तर तो धोका वाढतो. तंबाखू मळण्याची सवय असलेल्या आपल्या भागात दातांची अवस्था पाहता, दंतवैद्याकडे जाऊन किडलेले दात आधीच काढून किंवा भरून घेणे ही औपचारिकता समजू नये. गर्भाला अपाय होत असल्याने औषध चालू असताना आणि शेवटच्या मात्रेनंतर निदान पाच महिने गर्भधारणा टाळावी लागते. या गाठीच्या रुग्णांत लग्न ठरलेल्या किंवा नुकत्याच लग्न झालेल्या मुली पुष्कळ असतात, आणि हा विषय सासर-माहेरच्या गर्दीत निघत नाही. तो मुलीशी एकांतात, स्पष्ट शब्दांत बोलण्याची जबाबदारी डॉक्टरांची आहे.

पैसा, फुप्फुस आणि पुढची वर्षे

कोल्हापुरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले सीपीआर, हे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले आहे, आणि पहिला एक्स-रे व तपासणी तिथे अल्प खर्चात होऊ शकते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. परंतु नेमकी कोणती शस्त्रक्रिया, कोणता कृत्रिम सांधा आणि कोणते औषध त्या रुग्णालयात योजनेत बसते, हे दाखल होण्यापूर्वीच तिथल्या आरोग्यमित्राला विचारून घ्यावे. शिधापत्रिका आणि आधारकार्ड सोबत असावे. मंजुरी नियोजित शस्त्रक्रियेआधी घ्यायची असते, नंतर धावपळ करून उपयोग होत नाही.

फुप्फुसात या गाठीचे अंश सापडण्याचे प्रमाण वेगवेगळ्या नोंदींत एक ते नऊ टक्के आहे, आणि गाठ पुन्हा आलेल्या रुग्णांत ते अधिक असते. छातीत गाठी दिसल्या म्हणजे कर्करोग शेवटच्या टप्प्यात गेला, असा निष्कर्ष घरातील माणसे काढतात. इथे तो लागू होत नाही. यांतील बहुतेक गाठी संथ असतात, काही वर्षानुवर्षे तशाच राहतात, गरज पडल्यास काढता येतात किंवा औषधाने रोखता येतात. खऱ्या अर्थाने कर्करोगात रूपांतर होणे त्याहूनही विरळ असते, आणि त्यात पूर्वी किरणोपचार घेतलेल्यांचा वाटा मोठा असतो.

गाठ परत येते ती बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत. या काळात दर तीन-चार महिन्यांनी शस्त्रक्रियेच्या जागेचा एक्स-रे आणि ठरावीक अंतराने छातीची तपासणी, त्यानंतर सहा महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा, असा क्रम साधारणपणे ठेवतात, आणि उशिरा परतणाऱ्या गाठीही नोंदल्या गेल्याने पाच वर्षांनंतरही तो पूर्ण सोडत नाहीत. अडचण अशी की दुखणे थांबलेले असते आणि तपासणीची तारीख नेमकी गळीत हंगामात येते. तारीख आठ-पंधरा दिवस पुढे ढकलून घेतली तरी चालते, रद्द करू नये. जुने एक्स-रे दर वेळी सोबत न्यावेत, कारण सिमेंटभोवतीची रेघ रुंदावली की नाही, हे दोन चित्रे शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. आणि त्या सांध्यात पुन्हा दुखू लागले, सूज आली किंवा सांधा पूर्वीइतका वाकेनासा झाला, तर पुढच्या तारखेपर्यंत न थांबता त्याच आठवड्यात एक्स-रे काढून शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना दाखवावा.